गोश्ताची पारख चाऱ्यापासून

आमचा धंदा कापडाचा. इचलकरंजीहून माल उचलायचा आणि कोडोलीत व वारणेकाठच्या गावांत विकायचा, यात आमची तीस वर्षे गेली. वालिद साहेबांनी दुकानात बसवले त्या दिवशी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की ठाण हातात आले म्हणजे रंगावर जाऊ नको, आधी सूत बघ; आणि सूत कळत नसेल तर ते कुठल्या कापसाचे एवढे तरी विचार. कापडाचे निम्मे गुणदोष मागावर चढण्यापूर्वीच ठरलेले असतात.

गोश्ताच्या बाबतीत मात्र ही अक्कल आपण वापरत नाही. गिऱ्हाईक दुकानात येते, हाड किती, चरबी किती आणि भाव काय एवढे विचारते. जनावर कशावर वाढले हे कोणी विचारत नाही, आणि विकणाऱ्यालाही ते मालूम नसते. याच आपल्या कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणारा माणूस मात्र म्हैस कुणाची, तिला सरकी घालतात की नाही, याची चौकशी करतो. दुधाला जो न्याय तोच गोश्ताला का नसावा, या प्रश्नातून प्रस्तुत लेख लिहिला आहे. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, तेव्हा मराठीत काही उणे राहिल्यास वाचक बंधूंनी सांभाळून घ्यावे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात १९७६ चा पशुसंरक्षण कायदा आहे. त्यात १९९५ साली विधिमंडळाने केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ पासून लागू झाली आणि गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही मनाई झाली. म्हैस व रेडा यांची कत्तल सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यानंतर करता येते. म्हणून या लेखात ‘मोठ्याचे गोश्त’ म्हणजे म्हैस-रेड्याचेच गोश्त समजावे. परदेशातील बहुतेक संशोधन गाई-बैलांवर झालेले आहे. परंतु म्हैसही त्याच जातीचे रवंथ करणारे जनावर असल्याने पोटाचा कारभार मूलतः सारखाच आहे.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी बकरी ईदसाठी आम्ही सात जणांनी मिळून एक रेडा घेतला. ईदला पाच दिवस बाकी होते. जनावर कडब्यावर वाढलेले, निरोगी, पण अंगाने थोडे रोड. घरात सर्वांना वाटले, कुर्बानीचे जनावर आहे, चार दिवस चांगले खाऊ घालावे. शेजारच्या लग्नातला उरलेला भात पाटीभर घातला. रात्री भिजवलेली ज्वारी आणि गूळ दिला. पोरांनी येता-जाता चपात्या चारल्या.

दुसऱ्या दिवशी रेड्याने वैरणीला तोंड लावणे सोडले. रवंथ बंद झाला. डावी कूस तट्ट फुगली, शेण पातळ आणि आंबट वासाचे पडू लागले. तिसऱ्या दिवशी तो बसला तो उठलाच नाही. जनावरांचे डॉक्टर आले, सोडा पाजला, सलाईन लावली. पहाटे जनावर गेले. सात घरांचे पैसे बुडाले. त्यातले दोघे हातावर पोट असलेले कारागीर होते. दुसरा हिस्सा घेणे त्यांना शक्य नव्हते. त्यांचा हिस्सा आम्ही भरला, कारण भात घालण्याची कल्पना आमचीच होती.

डॉक्टर जाताना म्हणाले, “शेठ, तुम्ही जनावराला खाऊ घातले नाही. त्याच्या पोटातल्या जंतूंना भलतेच काही घातले, आणि जंतूंनी जनावराला मारले.” त्यावेळी हे बोलणे आम्हाला पटले नाही. पुढे चौकशी केली, वाचले, खाटीक बंधूंशी बोललो, तेव्हा त्यातील तथ्य कळले.

कोटीपोटातला कारखाना

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. जनावर वैरण गडबडीने गिळते, नंतर निवांत बसून परत तोंडात आणून चघळते. गवत किंवा कडबा यांतील तंतू पचवण्याचा रस म्हशीच्या स्वतःच्या अंगात तयार होत नाही. ते काम कोटीपोटातील सूक्ष्म जंतू करतात. त्यात जिवाणू आहेत, एकपेशीय प्राणी आहेत आणि बुरशीही आहे. कोटीपोटातील द्रवाच्या एका थेंबात कोट्यवधी जिवाणू सापडतात. अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट या शास्त्रज्ञाने हवेशिवाय जगणारे हे जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याची रीत बसवली आणि १९६६ साली या विषयावरचा पायाभूत ग्रंथ लिहिला. त्यानंतर हा अभ्यास जगभर वाढला.

हे जंतू चारा आंबवतात. त्यातून आम्ले निघतात आणि ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. म्हशीची बहुतेक ताकद याच आम्लांपासून येते. जंतू स्वतःही वाढतात, पुढच्या कप्प्यात जाऊन मरतात आणि पचतात. म्हशीला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा या मेलेल्या जंतूंचा असतो. म्हणजे आपण म्हशीला कडबा घालतो, पण म्हैस जगते ती बव्हंशी जंतूंवर.

गोश्तातील बी-१२ हे जीवनसत्त्व घ्या. रक्त तयार होण्यास आणि नसांच्या आरोग्यास ते लागते. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही, कोणताही प्राणीही करत नाही. ते फक्त जंतू करतात, आणि त्यासाठी त्यांना चाऱ्यातून कोबाल्ट हे खनिज थोडेसे मिळावे लागते. आपल्या ताटातल्या गोश्तात असलेले बी-१२ अशा रीतीने कोटीपोटातूनच आलेले असते.

आता आमच्या रेड्याचे काय झाले ते पाहू. कडब्यावर जगणाऱ्या जनावराच्या पोटात तंतू पचवणारे जंतू अधिक असतात. त्यांचे काम सावकाश चालते. त्यात अचानक भात, ज्वारी, गूळ असा पिठूळ आणि गोड माल पाटीभर पडला, की तो खाणारे दुसरे जंतू काही तासांत बेसुमार वाढतात आणि तीव्र लॅक्टिक आम्ल सोडतात. सावकाश काम करणारे जंतू त्या आम्लात मरतात. आम्ल रक्तात उतरते, अंगातले पाणी कोटीपोटात ओढले जाते आणि जनावर कोसळते. पशुवैद्य याला आम्लविषार म्हणतात. बेंदराला बैलांना पोळ्या आणि ज्वारीचा अतिरेक झाला की हाच प्रकार घडतो. वेळीच लक्षात आले तर खाण्याचा सोडा पाजतात. कधी निरोगी जनावराच्या कोटीपोटातील द्रव काढून आजारी जनावराला पाजतात, म्हणजे जिवंत जंतू उसने देतात. आमच्याकडे वेळ निघून गेली होती.

नवा खुराक द्यायचा तर तो थोडाथोडा वाढवत दोन-तीन आठवड्यांत जंतूंच्या अंगवळणी पाडावा लागतो. परदेशात मोठ्या गोठ्यांत जनावरांना शेवटचे काही महिने मका व इतर धान्य भरपूर घालून वजन वाढवतात. तेथे जनावर मरत नाही, पण मंद आम्लविषार चालू राहतो. कोटीपोटाच्या भिंतीला जखमा होतात, तेथून जंतू रक्तावाटे कलेजीत जातात आणि पुवाच्या गाठी होतात. अशी कलेजी कत्तलखान्यातील डॉक्टर बाद करतात. कलेजीवर गाठ दिसली तर ती चाऱ्याची साक्ष असू शकते, हे खाटीक बंधूंनी ध्यानात ठेवावे.

चरबी कशी बदलते

वनस्पती तुपाच्या कारखान्यात पातळ तेलात हायड्रोजन भरून ते घट्ट करतात. कोटीपोटातील जिवाणू हेच काम कित्येक युगांपासून करीत आले आहेत. हिरव्या गवतात ओमेगा-३ नावाच्या पातळ आणि आरोग्यास हितकारक स्निग्धाचा अंश असतो. जिवाणू त्याला घट्ट करून टाकतात. म्हणून म्हैस तेल न खाताही तिची चरबी थिजणारी असते. परंतु थोडे ओमेगा-३ या कारखान्यातून निसटते आणि मांसात उतरते. जितका हिरवा चारा जास्त, तितका निसटणारा भाग जास्त.

२०१० साली या विषयावरील अनेक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात धान्यावर वाढलेल्या जनावराच्या मांसात ओमेगा-६ चे प्रमाण ओमेगा-३ च्या सरासरी साडेसात पटीहून थोडे अधिक आढळले. गवतावरच्या जनावरात ते दीड पटीच्या आसपास होते. शरीरात या दोहोंचा तोल राहणे बरे मानले जाते. मात्र यावरून गोश्ताला मासळीची बरोबरी देऊ नये. गवतावरच्या गोश्तातही ओमेगा-३ मासळीपेक्षा पुष्कळच कमी असते.

घट्ट करण्याच्या या कामात मधल्या टप्प्यावर सीएलए नावाचे एक स्निग्ध तयार होते. याची कथा मोठी मजेशीर आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकल परिझा हे भाजलेल्या मांसात अपायकारक द्रव्ये शोधत होते. शोधता शोधता त्यांना उलट अपाय रोखणारे द्रव्य सापडले, आणि १९८७ साली ते सीएलए असल्याचे निश्चित झाले. गवतावरच्या जनावरात ते धान्यावरच्यापेक्षा दोन-तीन पट असते. परंतु त्याचे गुण प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांत दिसले. माणसांत तेवढा फायदा सिद्ध झालेला नाही. त्याचे नाव सांगून माल विकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जिवाणूंनी घट्ट केलेली चरबी आणि कारखान्यातील वनस्पती तूप यांना एका मापाने मोजू नये, हेही सांगितले पाहिजे. कारखान्यातील ट्रान्स स्निग्ध हृदयास घातक असल्याचे पक्के झाले आहे, आणि भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे. चांगल्या चाऱ्यावरचे गोश्त आणायचे आणि ते स्वस्त वनस्पती तुपात शिजवायचे, यात चाऱ्याचा फायदा पातेल्यातच संपतो.

चरबीच्या रंगावरूनही पुष्कळ लोक फसतात. हिरवा चारा खाणाऱ्या गाईची चरबी पिवळसर असते, कारण चाऱ्यातील कॅरोटीन चरबीत साठते. म्हैस कॅरोटीनचे रूपांतर अ जीवनसत्त्वात करून टाकते, म्हणून तिची चरबी कितीही हिरवा चारा घातला तरी पांढरीच. तेव्हा चरबी पांढरी म्हणजे चारा निकृष्ट, असा निष्कर्ष म्हशीच्या बाबतीत काढू नये. हिरव्या चाऱ्याचा आणखी एक गुण दुकानदाराच्या फायद्याचा आहे. त्यातील ई जीवनसत्त्व मांसात उतरते आणि कापलेले मांस लवकर तपकिरी पडत नाही.

आपल्या भागातला चारा

आता परदेश सोडून कोडोलीकडे येऊ. शेजारीच वारणानगरचा साखर कारखाना आणि दूध संघ. चहूकडे ऊस. गळिताच्या हंगामात जनावराच्या पुढ्यात काय पडते? उसाचे वाढे. तोडकरी मजूर ते विकतात, स्वस्त मिळते आणि जनावरही आवडीने खाते. पण वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते जनावराच्या अंगातील कॅल्शियम बांधून टाकते आणि हाडे कमजोर होतात. कोटीपोटातील काही जिवाणू ऑक्झॅलेट फोडतात. असा एक जिवाणू १९८५ साली ऑक्झॅलोबॅक्टर या नावाने नोंदला गेला. परंतु त्याची संख्या वाढण्यास वेळ लागतो. म्हणून वाढे एकदम भरपूर न घालता हळूहळू वाढवावे, त्याबरोबर कडबा किंवा द्विदल चारा द्यावा, आणि वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, असे कृषी खाते सांगत आले आहे. नुसत्या वाढ्यावर प्रथिने पुरत नाहीत. अशा जनावराचे मांस भरत नाही.

कडबा हा आपला जुना आधार. तो पोट सांभाळतो, रवंथ चालू ठेवतो, आणि रवंथाबरोबर लाळ सुटते. मोठ्या जनावराची लाळ दिवसाला शंभर लिटरपर्यंत जाते. त्या लाळेत नैसर्गिक सोडा असतो आणि तो पोटातील आम्ल मारतो. परंतु उन्हात वाळून पांढरा पडलेल्या कडब्यात कॅरोटीन जवळजवळ उरत नाही आणि ओमेगा-३ ही नगण्य राहते. म्हणून आपली म्हैस धान्यावर नाही, गवतावर आहे, असे म्हणून परदेशातील हिरव्या कुरणाचे आकडे तिला लावणे चुकीचे आहे. खरे असे आहे, की आपले जनावर त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते.

तिसरी वस्तू आमच्या धंद्याच्या जवळची. कापसाचा तंतू आमच्याकडे कापड होऊन येतो आणि त्याची बी, म्हणजे सरकी, म्हशीच्या घमेल्यात जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. कोंबडीला किंवा लहान वासराला ते बाधते. मोठ्या म्हशीच्या कोटीपोटात मात्र ते बांधले जाऊन बव्हंशी निरुपद्रवी होते. याचा अर्थ अमर्याद घालावे असा नाही. सरकीच्या तेलात ओमेगा-६ भरपूर असते. आणि पेंड ओली होऊन बुरसली तर त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते सगळे जंतूंच्या हातून मोडत नाही. दुधात उतरते आणि कलेजीवर त्याचा घाला पडतो. बुरसलेली पेंड ‘जनावरच खाणार आहे’ म्हणून घालणारा शेवटी ती आपल्याच पोरांना घालतो.

चौथी सुबाभूळ. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने महाराष्ट्रात तिचा प्रसार केला. ऑस्ट्रेलियात हाच पाला खाऊन जनावरे आजारी पडत, कारण त्यात मिमोसिन हे विष आहे. हवाई बेटांवरील बकऱ्या मात्र तो पाला खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की फरक बकरीत नसून तिच्या पोटातील जंतूंत आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी हवाईतील बकऱ्यांच्या पोटातील जंतू ऑस्ट्रेलियातील जनावरांना दिले आणि तीही पाला पचवू लागली. पुढे त्या जिवाणूला जोन्स यांचेच नाव मिळाले. चारा तोच, पण जंतू बदलले की विषाचे अन्न होते. या विषयाचे सार याहून चांगले सांगता येणार नाही.

घाण खाणारे जनावर

आपल्या फिकहच्या किताबांत जल्लाला हा शब्द येतो. जे जनावर मुख्यतः घाण खाऊन जगते, त्याचे गोश्त आणि दूध वापरण्यास हदीसमध्ये मनाई आलेली आहे. अशा जनावराला बांधून ठराविक दिवस स्वच्छ चारा द्यावा, मग ते वापरावे, असे उलेमांनी लिहिले आहे. कोंबडीसाठी तीन दिवस सांगितले आहेत, मोठ्या जनावरासाठी त्याहून अधिक. म्हणजे चारा गोश्तात उतरतो ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपण ती विसरलो आहोत. आज बाजारपेठेच्या मागे उकिरड्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांसह अन्न खाणारी जनावरे रोज दिसतात. मेल्यावर त्यांच्या कोटीपोटातून किलोच्या किलो प्लॅस्टिक निघते.

इंग्लंडने याहून मोठी किंमत मोजली. तेथे गाईंना मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाचा भुगा खुराकातून घातला जात असे. गवत खाणाऱ्या जनावराला मांस खाऊ घातले. १९८६ साली गाईंना मेंदूचा रोग झाल्याचे निदान झाले. १९८८ साली तो खुराक बंद केला. १९९६ साली सरकारने मान्य केले की हा रोग माणसांतही आला असावा. त्या देशात पावणेदोनशेच्या आसपास माणसे त्याने गेली, आणि इंग्लंडच्या गोश्ताचा परदेशी व्यापार रातोरात थांबला. भारत जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत या रोगाच्या नगण्य धोक्याच्या गटात आहे. आपली जनावरे वैरणीवर राहिली, हे त्याचे एक मोठे कारण आहे. गोश्ताच्या निर्यातीत ही आपली पत आहे आणि ती जपली पाहिजे.

औषध आणि कत्तल

आपल्याकडे बाजारात येणारी म्हैस पुष्कळदा दुधातून गेलेली असते. दूध आटले, सड बिघडला, दोन-चार इंजेक्शने झाली, गुण आला नाही, मग विकली. त्या औषधाचा अंश अंगातून निघून जाण्यास दिवस लागतात. किती दिवस थांबायचे ते औषधागणिक वेगळे असते आणि डॉक्टर सांगू शकतो. परंतु विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. प्रतिजैविकांचा अंश वारंवार पोटात गेला तर आपल्या अंगातील जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. २०१९ साली केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध खाद्यजनावरांसाठी बंद केले ते याच कारणाने. जनावरांच्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे संपत आल्याने त्यावर २००६ साली बंदी घातली गेली, हे वाचकांना आठवत असेल. गिधाडाने फक्त मेलेले जनावर खाल्ले होते. औषध त्या जनावरातून आले.

कत्तलीपूर्वीची विश्रांती हाही चाऱ्याचाच विषय आहे. पोटभर खाल्लेल्या, निवांत जनावराच्या स्नायूंत साखरेचा साठा असतो. कत्तलीनंतर त्याचे सौम्य आम्ल होते आणि गोश्त टिकते. उपाशी, टेम्पोत दाटीवाटीने आणलेल्या, भेदरलेल्या जनावरात हा साठा संपलेला असतो. त्याचे गोश्त काळपट, चिकट होते आणि लवकर खराब होते. दुकानदार समजतो जनावर म्हातारे होते. कित्येकदा ते फक्त दमलेले असते.

आतड्यातील जंतूंचे शेवटचे प्रकरण कत्तलीच्या वेळचे. १९९३ साली अमेरिकेत कच्च्या राहिलेल्या खिम्याच्या वड्या खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. कारण ई. कोलाय या जंतूची एक घातक जात. ती जनावराच्या आतड्यात राहते, जनावराला काही होत नाही. धान्य बंद करून शेवटचे काही दिवस वाळले गवत दिले तर आम्लात तग धरणारे ई. कोलाय घटतात, असे १९९८ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. पुढील अभ्यासांत निकाल संमिश्र आले. तेव्हा भरवसा स्वच्छतेवर ठेवावा. आतडे फुटू न देणे, कातडीची घाण मांसाला लागू न देणे आणि खिमा आतपर्यंत शिजवणे, एवढे आपल्या हातात आहे. अखंड तुकड्यावर जंतू बाहेरून असतात, खिम्यात ते आत मिसळले जातात.

खाणाऱ्याचे पोट

जनावराच्या पोटाइतकेच आपलेही पोट जंतूंचे घर आहे. तांबड्या मांसातील कार्निटीन या द्रव्यापासून आपल्या आतड्यातील काही जंतू एक पदार्थ तयार करतात आणि यकृतात त्याचे टीएमएओ होते. २०१३ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संशोधकांनी त्याचा संबंध हृदयविकाराशी जोडला. रोज मांस खाणाऱ्यांत हे जंतू जास्त आणि कधी न खाणाऱ्यांत फार कमी आढळले. टीएमएओ हे हृदयविकाराचे कारण की केवळ खूण, यावर अद्याप वाद आहे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारण ठरते असे आणि तांबडे मांस बहुधा ठरते असे जाहीर केले. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला शिजवलेले साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम तांबडे मांस पुरे, असा आहे.

म्हशीच्या गोश्तात स्नायूंच्या आत चरबी कमी असते, ही जमेची बाजू. चांगल्या चाऱ्याने ते अधिक चांगले होते, हेही खरे. पण चाऱ्याच्या नावाखाली रोज दोन वेळा खाण्याची मुभा कोणी घेऊ नये. ताटात भाजी, डाळ आणि भाकरी असली की आपल्या आतड्यातील जंतूंनाही त्यांचा कडबा मिळतो.

व्यापाऱ्यांनी काय करावे

१. जनावर घेताना भावाबरोबर चारा विचारावा. वाढे, कडबा, सरकी, हिरवा चारा, यांपैकी काय आणि किती दिवस, हे लिहून ठेवावे.

२. शेवटचे औषध केव्हा दिले हे विचारावे. उत्तर टाळले तर जनावर सोडावे किंवा डॉक्टरला विचारून थांबावे.

३. घेतलेल्या जनावराचा चारा एकदम बदलू नये. पहिले काही दिवस त्याचा जुनाच चारा द्यावा. उरलेला भात, चपात्या, गूळ, धान्य मुळीच घालू नये. कुर्बानीचे जनावर शक्य तो तीन आठवडे आधी घ्यावे.

४. उकिरड्यावरचे जनावर स्वस्त मिळाले तरी लगेच वापरू नये. बांधून स्वच्छ वैरण द्यावी.

५. कत्तल दाखल्यानिशी आणि परवानगी असलेल्या जागीच व्हावी. डॉक्टरची तपासणी ही कटकट समजू नये. बाद झालेली कलेजी आपल्याच गिऱ्हाइकाला वाचवते.

६. दुकानावर ‘गवतावरचे गोश्त’ अशी पाटी खात्री असल्याखेरीज लावू नये. टेरिकॉटला सुती म्हणून विकणारा एकदाच विकतो.

त्या प्रसंगानंतरच्या वर्षी आम्ही रेडा एक महिना आधी घेतला. त्याच्याबरोबर जुन्या मालकाकडून आठ दिवसांचा कडबाही विकत आणला. विकणारा हसला, की शेठ, जनावराबरोबर वैरणही नेता? आम्ही म्हणालो, गेल्या वर्षी नेली नव्हती, ती महाग पडली. गोठ्याच्या दारावर पोरांसाठी खडूने लिहून ठेवले, की आम्हाला विचारल्याशिवाय चपाती घालू नये. ईदला सातही घरांत हिस्सा पोचला. त्यात ते दोघे कारागीरही होते, आणि या वेळी त्यांनी आपले पैसे आपणच भरले.